पाटे बसवून मिळतील

महामार्गाच्या कडेला कमानपाट्यांची दुकानं असतात. ट्रकच्या चाकावर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते. ओझ्याने ती सपाट झाली की ड्रायव्हर म्हणतो, ‘पाटे बसले.’ मग दुकानदार त्या पट्ट्या सोडवतो, भट्टीत लाल करतो आणि ऐरणीवर ठोकून पुन्हा वाकवतो. याला पाटे उठवणे म्हणतात, आणि दुकानाच्या फलकावरही तसंच लिहिलेलं असतं : पाटे उठवून मिळतील. गेल्या मार्गशीर्षात मी आणि माझा पुतण्या अशा एका दुकानात गेलो आणि पाटे बसवून मागितले.

“बसवून म्हणजे? नवे जोडायचेत?”

“नाही, आहेत तेच. खाली बसवायचेत.”

“माल किती मारता गाडीत?”

“माल नाही हो. दिसायला.”

पाटेवाल्याने हातातला घण ऐरणीवर टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. पुतण्याकडे नाही, माझ्याकडे. कारण पांढरे केस माझे होते. “गुरुजी, माझा बाप याच ऐरणीवर बसलेले पाटे उठवत होता. मी पण तेच करतो. उठलेले बसवा म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलं. बसायला काय भट्टी लागते का? वाळू भरा, दोन पावसाळे फिरवा. फुकटात बसतील.”

या वाक्यात सगळं आलं होतं. आम्ही ऐकलं नाही, म्हणून हा लेख.

गाडी आमच्या अण्णांची. १९७७ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्याने १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव दिलं, पण आमच्या घरात आणि अख्ख्या नसरापुरात ती ‘फियाट’च राहिली. तिच्या आधीच्या गोलमटोल पिढीला लोक डुक्कर फियाट म्हणत, त्या मानाने हिला नुसतं फियाट म्हणणं हा सन्मानच. कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे, आणि त्यांचं वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. त्यामुळे अण्णांना ही गाडी सोयऱ्यांकडून घेतल्यासारखी वाटायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गियरचा दांडा, आणि पुढे शाळेतल्या बाकासारखी सलग सीट. त्या बाकावर किती जण बसतील याचा निर्णय कारखान्याने करायचा नसतो, यजमानाने करायचा असतो, असं अण्णांचं मत होतं.

अण्णा गेल्यावर गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली. मी आठवड्यातून एकदा तिला चेलाडी फाट्यापर्यंत नेऊन आणायचो, म्हाताऱ्या माणसाला पाराशी नेऊन बसवतात तसं. बाकी काम आईचं. रोज पहाटे ती अंगण झाडते आणि तिचा खराटा गाडीच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने पाचोळा घेऊन बाहेर येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुतण्या हिंजवडीला नोकरीला. दिवाळीला आला, गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाला, “काका, गाडी मस्त आहे, पण हिला स्टान्स नाही.”

“म्हणजे?”

त्याने जरा विचार केला. “म्हणजे बैठक.”

आई ओट्यावर शेंगा निवडत होती. “बैठक? गाडी आहे की गवई?”

मग त्याने मला टायर आणि मडगार्डमधली फट दाखवली. चांगली चार बोटं होती. ही फट म्हणे वाईट दिसते. मी म्हटलं, “बाळा, ती चिखलासाठी आहे.” यावर त्याने मोबाइल काढला आणि जगभरच्या जुन्या गाड्यांचे फोटो दाखवले. सगळ्या गाड्या रवंथाला बसलेल्या म्हशीसारख्या जमिनीला टेकलेल्या. टायर मडगार्डच्या आत अर्धं गेलेलं. एकीचीही वाट पुढे कुठे जात असेल असं वाटत नव्हतं.

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. कुस्तीत पैलवान पवित्रा घेतो तेव्हा गुडघ्यात वाकतो, कारण वजन जितकं जमिनीजवळ तितका माणूस पडायला अवघड. गाडीचंही तेच. खाली असेल तर वळणावर अंग टाकत नाही, पोटाखालून वारा कमी जातो. फक्त पैलवान पवित्रा घेऊन वेल्ह्याला जात नाही.

खरी गंमत अशी की आमची फियाट आयुष्यभर खालीच होती. श्रावणी सोमवारी बनेश्वरला निघताना पुढच्या बाकावर अण्णा, आजोबा, मधे मी आणि माझ्या मांडीवर धाकटा. मागे आई, दोन आत्या, शेजारच्या काकू, त्यांची दोन पोरं, आणि खिडकीतून पाय बाहेर काढलेला एक मामेभाऊ. डिकीत नारळ, सतरंजी आणि खिचडीचं पातेलं. परतीला वेल्ह्याकडच्या पाहुण्यांचा आंबेमोहोर पोत्याने यायचा. त्या अवस्थेत मागच्या टायरवर मडगार्ड असं बसायचं की आजच्या कुठल्याही पोराने फोटो काढला असता. फट शून्य. आम्ही त्याला स्टान्स म्हणत नव्हतो, ‘जरा सरकून बसा’ म्हणत होतो.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. गाडी खाली करण्याचं हे वेड रुजलं ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत. तिथल्या पोरांनी सुरुवातीला काय केलं? डिकीत वाळूची पोती भरली. आंबेमोहोर मिळाला नसणार. मग स्प्रिंगा कापल्या. मग तिथे कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली येता कामा नये. तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या गृहस्थाने गाडीला हायड्रॉलिक पंप लावले : पोलीस दिसला की गाडी उभी राहते, पोलीस गेला की पुन्हा बसते. आपल्याकडे ही युक्ती कचेऱ्यांत फार पूर्वीपासून आहे, फक्त साहेब दिसल्यावर माणसं उठतात. कॅलिफोर्नियातला तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून गेला. तिकडे पासष्ट वर्षं भांडून जे मिळवलं ते आमच्या आत्यांनी दर श्रावणात करून दाखवलं होतं.

पुतण्याला मी कायद्याचाही धाक घातला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तो म्हणाला, “काका, आरसी बुकात स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते.” हिंजवडीत हे असं शिकवतात. मग मी भावनेला हात घातला. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात सांभाळलेली गाडी व्हिंटेज ठरते, तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. पन्नाशीचा सत्कार तोंडावर आलेला असताना बाईचे गुडघे कापायचे? तो म्हणाला, “कापायचे नाहीत. वाकवायचे.”

गेलो मिस्त्रींकडे. आमच्या मिस्त्रींनी या गाडीचं इंजिन तीनदा खोललंय आणि तीनदा बंद केलंय. तिसऱ्या वेळी तर एक नटही उरला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीखाली गोणपाट टाकून आडवे झाले. त्यानंतरचं सगळं संभाषण मी त्यांच्या चपलांशी केलं.

“पुढं स्प्रिंग आहे, मागं पाटे. पुढचं माझ्याकडं, मागचं पाटेवाल्याकडं. स्प्रिंग किती कापू?”

“दोन वेढे,” पुतण्या म्हणाला.

“गॅसवर नाही कापणार हां. गॅसने कापली तर पाणी उतरतं. कटरने कापू.”

पोलादाला पाणी दिलेलं असतं आणि आच लागली की ते उतरतं, हे मिस्त्री असं सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्याविषयीच चाललंय असं वाटावं.

“आणि कापली की ताठ होणार. मग म्हणू नका, मिस्त्री, कंबर गेली.”

इथे माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. लोकांना वाटतं स्प्रिंग कापली म्हणजे नरम झाली, कमी झाली ना! उलटं असतं. दाब सगळ्या वेढ्यांत वाटला जातो. वेढे कमी झाले की उरलेल्यांना माघार घ्यायला जागा राहत नाही. समजा आठ वेढे काम करत होते, त्यांतले दोन काढले, तर तीच स्प्रिंग तेहतीस टक्के ताठ होते. एकत्र कुटुंबातले दोन भाऊ वेगळे निघाले की उरलेल्यांचं जे होतं तेच. मी हे फळ्यावर लिहून दाखवणार होतो, पण मिस्त्रींकडे फळा नव्हता आणि पुतण्याकडे वेळ नव्हता.

“आणि पुढची चाकं फेंगडी होणार,” गाडीखालून आवाज आला. “वरून आत, खालून बाहेर. टायर आतल्या अंगाने घासणार. अलाइनमेंटवाल्याला सांगा, पण तो तरी किती सरळ करणार?” मग ते बाहेर आले, हात पुसले आणि एकच अट घातली. मूळ स्प्रिंगांना कटर लावायचा नाही. कापायच्या त्या दुसऱ्या आणा.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दोन रविवार घातल्यावर पुतण्याला स्प्रिंगांची जोडी मिळाली. विकणारा म्हणाला, मुंबईच्या टॅक्सीच्या आहेत. असतीलही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती काळी-पिवळी उरली नाही. तिची हाडं कुठेतरी यायचीच. मिस्त्रींनी आमच्या मूळ स्प्रिंगा काढल्या, ऑइलचं फडकं गुंडाळलं, बाकाखाली ठेवल्या आणि त्यावर खडूने आमचं आडनाव लिहिलं. “ठेवतो. तुम्ही येणारच.”

पाटेवाल्याचं सुरुवातीला सांगितलंच. घासाघीस झाली नाही, कारण भाव काय सांगावा हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी पाटे उठवायला जेवढे घेतो तेवढेच बसवायला घेतले. “मेहनत सारखीच,” म्हणाला, “फक्त मन लागत नाही.”

चार दिवसांनी गाडी अंगणात आली. खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती. संध्याकाळचं ऊन बोनेटवर होतं, मडगार्डची कड टायरला नुसती शिवत होती आणि पुढचा क्रोमचा बंपर तुळशीवृंदावनाच्या खालच्या पायरीच्या रेषेत आला होता. इतकी वर्षं जी गाडी उभी असायची ती पहिल्यांदा बसलेली दिसली. पुतण्याने साठ फोटो काढले. मीही शेजारी उभा राहून एक काढून घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की गाडी खाली गेल्यामुळे मी उंच दिसतोय. तेवढ्यापुरता माझा विरोध मावळला.

रविवारी सकाळी राजगडला जाणारे पुणेकर आमच्या पेठेतून जातात. त्यांच्या गाड्या दर वर्षी उंच होत चालल्या आहेत. आत चढायला फळी, धरायला कडी. कुटुंब गडावर जाण्याआधी गाडीवर चढण्याचा सराव करून येतं. या गाड्या उरलेला आठवडा मॉलच्या तळघरात उतरतात आणि वर येतात. आणि त्याच शहरातला आमचा पोरगा गावात येऊन गाडी जमिनीला टेकवतो. कोणाला कुठे जायचंय याचा गाडीच्या उंचीशी काही संबंध उरलेला नाही.

पौषातल्या एका सोमवारी पुतण्या म्हणाला, चला, बनेश्वरला जाऊन येऊ. गावापासून दोनेक किलोमीटर. मी, आई, सौ. आणि थोरली आत्या बसलो. चौघं बसल्याबरोबर गाडी आणखी दोन बोटं खाली गेली. हे पुतण्याच्या हिशेबात नव्हतं. त्याचे सगळे फोटो रिकाम्या गाडीचे होते.

आता गतिरोधकाविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, कमान १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने अलगद चढून अलगद उतरावं. मी वहीवर गणित करून पाहिलं, आकडे आपसात चोख जुळतात. एवढा सुंदर गतिरोधक मी वहीबाहेर पाहिलेला नाही. खेड्यातला गतिरोधक मानकातून जन्मत नाही, रागातून जन्मतो. कोणाची तरी शेळी, कोणाचा तरी नातू, मग रात्रीतून खडी-डांबर. रुंदी हातभर, उंची त्या दिवशीच्या संतापाएवढी. आमच्या भागात असे किती आहेत ते सांगत नाही; लेख छापून येईपर्यंत एखादा वाढलेला असेल.

पहिल्या गतिरोधकापाशी पुतण्याने गाडी थांबवली. मागे वळून, अगदी नम्रपणे म्हणाला, “आजी, जरा उतरता का?”

आत्या म्हणाली, “पोचलो?”

“नाही. एवढं ओलांडू, मग परत बसा.”

आत्याने कात्रजच्या जुन्या घाटात इंजिन तापलं म्हणून उतरण्याचा काळ पाहिलाय. पण सपाट रस्त्यावर, गार इंजिनाच्या गाडीतून, वीतभर उंचवट्यासाठी उतरायचं तिने पहिल्यांदाच ऐकलं. तरी उतरलो. चार माणसं रांगेने गतिरोधक चालत ओलांडतात, मागून रिकामी गाडी तिरकी तिरकी येते, पुन्हा चौघं आत बसतात. दुसऱ्यालाही तसंच. मोटारसायकलवरचा एक जण थांबून म्हणाला, “बंद पडली का?” बंद पडली असती तर इभ्रत राहिली असती. “नाही, चालू आहे,” असं सांगताना मला जो संकोच झाला तो सांगता येणार नाही.

तिसऱ्यापाशी घात झाला. आमच्याकडे फियाट उभी आणि माणसं तिच्याभोवती उभी, असं दृश्य दिसलं की बघणाऱ्याचे हात आपोआप डिकीकडे जातात. पन्नास वर्षांची सवय आहे ती. आम्ही उतरतोय एवढ्यात पाठीमागून तीन-चार पोरं धावत आली, “सोडा काकू, आम्ही बघतो” म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी जोरात धक्का दिला. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडे राहिली, आणि मधे खर्रर्र असा आवाज करत गाडी पोटावर बसली. सायलेन्सरच्या नळीवर. आता ती ना पुढे जाईना, ना मागे येईना. पुतण्याला हवी होती तशी बैठक अखेर लागली होती.

पोरांनीच मग चारी बाजूंनी उचलून तिला पलीकडे ठेवलं, आणि एक जण निघताना पुतण्याला प्रेमाने म्हणाला, “दादा, पाटे बसलेत. उठवून घ्या.”

बनेश्वरला पोचलो तेव्हा सायलेन्सर असा बोलत होता की झाडीतली वानरं गप्प झाली. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे देऊळ, आजूबाजूला गर्द वनराई, कुंडात मासे. तिथे एक पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर क्रूस आणि १६८३ साल. वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली. आत्याने दर्शन घेतलं, घंटेखाली क्षणभर थांबली आणि म्हणाली, “एवढी अवजड वस्तू वसईहून घाट चढवून आणली त्या लोकांनी. मधे किती वेळा उतरायला लागलं असेल?” घरी ती रिक्षाने गेली.

तरीही पुतण्या हटला नसता. फोटोला लोकांनी फार वाखाणलं होतं म्हणे. निकाल लावला आईने, तोही भांडण न करता. दुसऱ्या पहाटे ती नेहमीप्रमाणे झाडायला लागली. मी ओट्यावर चहा घेत होतो. खराटा गाडीपाशी गेला, आत सरकला आणि अडकला. तिने ओढला तर दोन काड्या आतच राहिल्या. तिने दुसऱ्या बाजूने घातला, तिथेही तेच. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि गाडीखाली पाहिलं. आंब्याचा पंधरा दिवसांचा पाचोळा, एक चेंडू आणि शेजारच्यांची मांजर. मांजरीचं बरं चाललं होतं.

आई सरळ झाली. पुतण्या दात घासत होता, त्याच्या हातात तिने खराटा दिला. “काढ केर,” म्हणाली आणि आत गेली.

तो अर्धा तास पोटावर होता.

पुढच्या रविवारी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही; बाकाखालून फडकं काढलं, खडूचं आडनाव तळव्याने पुसलं आणि गोणपाट अंथरलं. तिथून पाटे घेऊन महामार्गावर. पाटेवाला आम्हाला पाहून उभाच राहिला, भट्टीही पेटलेली होती. या वेळी त्याचं मन लागणार होतं.

“किती उठवू?”

पुतण्याने गाडीतून आईचा खराटा काढून त्याच्यापुढे धरला. तिनेच बरोबर दिला होता. पाटेवाल्याने तो हातात घेतला, काड्यांचा झुबका मुठीत दाबून पाहिला, पुन्हा फुलू दिला, आणि विचारलं, “आज्जी आडवा घालतात का तिरका?”